उसवलेला सतरा

माझी ताई खोटं बोलत नाही. भाऊ म्हणून कौतुक करत नाहीये, तक्रार करतोय. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "मुलगा तापट आहे का हो?" मी लांबून डोळ्यांनीच तिला विनवत होतो. ताई म्हणाली, "आहे. पण लगेच विझतो." लग्न झालं, पण त्याचं श्रेय तिला नाही. अशा बाईने आयुष्यात एकदाच, एकाच माणसाला, तीन शब्दांचं खोटं सांगितलं. ते तिचा पिच्छा सोडत नाही, आणि आता माझाही सोडत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. मी बस चालवतो. लिहिणं हे काही माझं काम नव्हे, ते तुम्हाला कळेलच.

ताई आमच्या फुटबॉल क्लबात खेळाडूंचे कपडे धुते. तिचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, अचानक वारले त्या वर्षी क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांनी तिला हे काम दिलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. पूर्वेच्या स्टँडखाली, पायऱ्यांच्या पोटात तिची खोली आहे. छत तिरकं, त्यामुळे दाराशी ताठ उभं राहता येतं आणि आतल्या भिंतीशी नाही. कपडे धुण्याची दोन मोठी मशिनं, त्यातलं एक कायम गळकं, एक इस्त्रीचं टेबल, एक शिलाई मशीन आणि भिंतभर खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली खडूने लिहिलेला आकडा. चिखल, साबण आणि पाय चोळायचं तेल यांचा वास तिच्यात इतका मुरलाय की ती घरी येते तेव्हा तो तिच्याआधी जिना चढून वर येतो.

आमचा शर्ट बाटलीसारखा हिरवा. क्लब महाचिकट, त्यामुळे एकेक शर्ट तीन-तीन वर्षं चालतो. मोठ्या क्लबांत पाठीवरचे आकडे यंत्राने कायमचे चिकटवतात म्हणे. आमचे आकडे पांढऱ्या कापडाचे, टाके घालून शिवलेले, कारण आमच्याकडे कायमचं असं कोणीच नसतं. खेळाडू विकला की ताईने त्याचा आकडा उसवायचा आणि त्याच शर्टावर नव्या माणसाचा शिवायचा.

यात एक गोष्ट होते. शर्ट उन्हात वाळून वाळून फिका पडतो, पण आकड्याखालचं कापड झाकलेलं असतं, ते गडदच राहतं. आकडा उसवला की तिथे त्याची सावली उरते. वर नवा आकडा शिवला तरी जुना कडेकडेने डोकावतो. स्टँडमधल्या कोणाच्या ते लक्षात येत नाही, पण ताईच्या येतं. "आपले अकरा पळतात ना," ती एकदा मला म्हणाली, "मला वीस-बावीस दिसतात रे." मी म्हटलं, चष्मा बदल. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

माझं म्हणाल तर पूर्वेच्या स्टँडचा मी गळा. मी ओरडलो की चारशे माणसं ओरडतात. बसचा हॉर्न बिघडला तरी याचं काही अडत नाही, असं डेपोतले लोक म्हणतात. आमच्या क्लबाने इतक्या वर्षांत काय जिंकलं असं विचाराल तर उत्तर एका दमात देतो. काय विकलं असं विचाराल तर बसा, चहा सांगतो. गोलात उभा राहणारा 'कुलूप' विकला. बचावातला 'खांब' विकला, तोही ऐन स्पर्धेच्या तोंडावर. झाड आम्ही लावायचं, पाणी आम्ही घालायचं, आणि फळ धरलं की शेजाऱ्याने मुळासकट उचलून न्यायचं. एका वर्षी आम्ही चादरीवर रंगाने लिहिलं होतं, 'खेळाडू ठेवा, साहेब विका'. चादर माझ्या बायकोची, चांगल्यातली. साहेब विकले गेले नाहीत आणि चादरही परत आली नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

दर वर्षी खरेदी-विक्रीचे दिवस आले की मी वेड्यासारखा विचारत फिरायचो, यंदा कोण जाणार? पेपरवाल्याला विचारायचो, क्लबाच्या पहारेकऱ्याला विचारायचो, बसमध्ये चढणाऱ्या अनोळखी माणसाला विचारायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कारण हे सगळ्यांत आधी जिला कळायचं ती माझ्यासमोर बसून निवांत जेवत असायची.

तिला कसं कळायचं? व्यवहार ठरला की साहेबांच्या ऑफिसातून एक चिठ्ठी खाली यायची. त्यावर नाव नाही, कारण नाही. फक्त 'नऊ काढा' किंवा 'चार काढा'. शनिवारच्या सामन्याला शर्ट तयार हवा ना, म्हणून. म्हणजे विकणाऱ्याला कळायचं, घेणाऱ्याला कळायचं, मग ताईला कळायचं. ज्याला विकलं त्याचा नंबर बरेचदा चौथा. ताईच्या आधी जी बाई होती तिने एकदा एका खेळाडूला आधीच सांगितलं. तो दोन दिवस गायब झाला, व्यवहार फिसकटला आणि बाईची नोकरी गेली. ताईला कामावर घेताना साहेबांनी पहिली अट घातली ती हीच. ताईने शब्द दिला आणि पाळला. इतका पाळला की मलाही कधी पत्ता लागू दिला नाही.

आता ते तीन शब्द. सामन्याच्या आधी, सरावाच्या आधी, प्रत्येक खेळाडू तिच्या दाराशी यायचा आणि विचारायचा, "मावशी, माझा धुतला का?" ताई वर न बघता म्हणायची, "धुतला, वाळला, ठेवला." हे ऐकल्याशिवाय कोणी मैदानात पाऊल टाकायचा नाही. एकदा तिला ताप आला होता तर कप्तानाने घरी फोन करून तिच्याकडून ते वदवून घेतलं आणि फोन अकरा जणांच्या कानाला लावला. असली माणसं. देवाला फसवतील पण या तीन शब्दांना नाही.

आणि आता डावऱ्या. त्याला सगळे डावऱ्या म्हणायचे कारण त्याचा उजवा पाय नुसता उभं राहण्यापुरता होता. चेंडू डाव्या पायाला लागला की स्टँड आपोआप उठायचा. म्हातारे, गुडघेदुखीवाले, सगळे. सतरा नंबर. बसने आठ तासांवरच्या गावातून आलेला. वडील नव्हते. आई लोकांचे कपडे शिवायची. रोज सराव संपला की तो ताईच्या खोलीत उलट्या बादलीवर बसून चहा प्यायचा, आणि उठताना रोज डोकं छताला आपटायचा. तीन वर्षांत तो वाकून उठायला शिकला नाही. ताईला मूलबाळ नाही. याहून जास्त मी काही सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी दुपारी तो तिच्या दाराशी आला. त्याच दिवशी सकाळी चिठ्ठी आली होती, 'सतरा काढा'. चिठ्ठी ताईच्या एप्रनच्या खिशात होती. शर्ट मांडीवर होता आणि आकडा अर्धा उसवून झाला होता. तिने तो पटकन उलटा केला.

डावऱ्या म्हणाला, "मावशी, आईला कायमची घेऊन येतोय. दोन खोल्या बघितल्यात. ती विचारतेय, मशीन विकू का, घर सोडू का. सगळीकडे काहीबाही बोलतायत. तू सांग. काही नाही ना?"

ताईने तोंड उघडलं. शब्द दिला होता, नोकरी होती, आधीच्या बाईची आठवण होती. शिवाय, असं ती म्हणते, त्याचा चेहरा इतका खुललेला होता की आजचा एक दिवस तरी राहू दे, असं तिला वाटलं. आणि तो तर थट्टेत नेहमीसारखा बोटाने दार वाजवत म्हणाला, "बरं, माझा धुतला का?"

"धुतला, वाळला, ठेवला," ताई म्हणाली.

तो हसला. जाताना त्याने तिथूनच आईला फोन लावला.

शुक्रवारी सकाळी आईने शिलाई मशीन विकलं आणि घराची किल्ली मालकाला दिली. शुक्रवारी संध्याकाळी डावऱ्याला वर बोलावून कागदावर सही घेतली. समुद्रापलीकडचा क्लब, शनिवारी दुपारचं विमान. शनिवारी सकाळी आईची बस आली. त्याने तिला त्या दोन खोल्यांत नेलं, नळ कुठे, दिव्याचं बटण कुठे ते दाखवलं आणि तासाभरात निघाला. तिकडे घरच्यांना न्यायची परवानगी नव्हती. गावचं घर गेलेलं. ओळखीचं एक माणूस नाही.

आणि क्लबाने फळ्यावर काय लावलं? 'खेळाडूच्या इच्छेनुसार'. आम्ही ते वाचलं आणि गिळलं. मीच सगळ्यांत आधी. साहेबांना शिव्या देऊन कंटाळा आला होता, आता शिव्या द्यायला ताजा माणूस मिळाला. त्या शनिवारी 'गद्दार' हा शब्द पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाला असं स्टँडमध्ये विचाराल तर लोक माझ्याकडे बोट दाखवतील. ताई माझ्या शेजारी बसली होती. मूग गिळून.

सोमवारी एक बाई क्लबाच्या फाटकावर आली. मुलाच्या चपला आणि टॉवेल राहिलाय म्हणाली. पहारेकऱ्याने तिला ताईच्या खोलीकडे पाठवलं. ताईने सामान पिशवीत भरलं आणि पिशवी स्वतः उचलून तिला घरापर्यंत पोचवलं. तेव्हापासून दर रविवारी ताई तिच्याकडे जायची. भाजी न्यायची, दवाखान्यात न्यायची, विजेचं बिल भरून द्यायची. त्या काकू दर रविवारी म्हणायच्या, "तुम्ही भेटलात म्हणून, नाहीतर या शहरात माझं काय झालं असतं!" ताई सांगते, हे वाक्य सुरू झालं की मी आतल्या खोलीत पाणी प्यायला जायची. "किती पाणी पिता हो तुम्ही," काकू म्हणायच्या. दर रविवारी ती सांगायचं ठरवून जायची आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायची. रात्री झोप नाही. मी विचारलं की म्हणायची, मैत्रिणीकडे गेले होते. म्हणजे बघा, एका खोट्याला सोबत लागतेच.

दोन वर्षांत समुद्रापलीकडच्यांनीही डावऱ्याला विकलं. गुडघा पहिल्यासारखा राहिला नव्हता. विकत घेतलं आमच्याच शेजारच्या शहरातल्या क्लबाने, आणि महिन्याभरात त्यांचा आमच्याशी सामना आला, आमच्याच मैदानावर. सामना झाल्यावर तो आईला कायमची घेऊन जाणार होता. ताईकडे सांगायला एवढाच एक दिवस उरला होता.

त्या शनिवारी ताई एका पाहुण्या बाईंना घेऊन स्टँडमध्ये आली. खाली, दुसऱ्या रांगेत, माझ्याशेजारी. स्वच्छ धुतलेला स्वेटर, मांडीवर हातशिलाईची पिशवी. ताई म्हणाली, "या माझ्या ओळखीच्या." मी मान हलवली. बाई कोण हे तुम्हाला कळलंय. मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला सवड नव्हती, कारण डावऱ्या पांढऱ्या शर्टात मैदानात उतरत होता.

मी उठलो. त्या दिवशी माझा गळा असा लागला होता की काय सांगू. "गद्दार!" मी म्हणायचो आणि चारशे जण म्हणायचे. "आईला विकशील!" मी म्हटलं, आणि चारशे जणांनी तेही म्हटलं. डावऱ्याच्या पायात चेंडू आला की शिट्ट्या, तो पडला की टाळ्या. एकदा तो अगदी आमच्या समोर, दहा पावलांवर, चेंडू फेकायला आला. त्याने वर बघितलं. मला वाटलं माझ्याकडे बघतोय, म्हणून मी आणखी जोरात ओरडलो. तो माझ्या शेजारी बघत होता.

ताईने माझा हात दोनदा खाली ओढला. मी झटकला.

मध्यंतराच्या थोडं आधी आमचा नवा तेवीस नंबर रेषेवरून पळत गेला. आम्ही त्याला 'वारा' म्हणतो. तो समोर थांबला, आमच्याकडे पाठ करून. शेजारच्या बाई पहिल्यांदाच बोलल्या, ताईला.

"या शर्टावर आधी सतरा होतं."

ताईने तेवीसच्या पाठीवरून नजर काढली.

"मी शिवणारी आहे. उसवलेलं मला दिसतं. दोनाच्या बाजूने एक दिसतोय बघा, आणि तिनाच्या वरच्या कडेला साताची रेघ. कोणी काढलं?"

"मी," ताई म्हणाली. "मीच धुते यांचे कपडे. मीच शिवते, मीच उसवते."

"ते माहीत आहे मला. कधी काढलं?"

आजूबाजूला चारशे माणसं बोंबलत होती, आणि मला त्या दोघींशिवाय काही ऐकू येईना. ताई म्हणाली, "गुरुवारी. सकाळी चिठ्ठी आली. दुपारी त्याने मला विचारलं. चिठ्ठी माझ्या खिशात होती, काकू. मी सांगितलं नाही."

बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"गुरुवारी," त्या म्हणाल्या, "मी अजून गावात होते."

एवढंच. मी खाली बसलो. स्टँड माझी वाट बघत होता, मागून कोणीतरी ओरडलं, "अरे काय झालं, गळा बसला का?" ताईने माझ्याकडे बघून सांगितलं, "या त्याच्या आई. तो गेला नव्हता. त्याला पाठवला." त्या माउलीने माझ्याकडे पाहिलं. रागाने बघितलं असतं तर मला सोसलं असतं. "आवाज मोठा आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या. "त्याला तिथपर्यंत ऐकू जात असणार."

मी नंतर लाख वेळा मनात उत्तरं दिली. बस चालवताना देतो, दाढी करताना देतो.

सामना आम्ही जिंकलो की हरलो, मला विचारू नका. संपल्यावर आम्ही फाटकाशी उभे राहिलो. ताई म्हणाली, "काकू, त्यालाही सांगते. आजच सांगते. मग तो काय म्हणायचं ते म्हणू दे." काकूंनी मान हलवली. "नका सांगू. तिकडे दोन वर्षं एकटा होता. शर्ट अंगात घालायच्या आधी तुमचे ते तीन शब्द स्वतःच म्हणायचा. मला फोनवर सांगायचा, आई, मावशीचं म्हटलं की पायात बळ येतं. अजून म्हणतो. आता त्याच्याकडून तेही उसवता का?"

तेवढ्यात तो आला, लंगडत. ताईला बघून लांबूनच ओरडला, "मावशी! माझा धुतला का?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ताईला ते शब्द आले नाहीत. गर्दी होती, त्याला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. त्याने हात हलवला, आईची पिशवी खांद्याला अडकवली. माझ्यावरून त्याची नजर फिरली आणि पुढे गेली. ती दोघं टॅक्सीत बसून गेली. काकूंनी मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर मी स्टँडमध्ये जातो, पण ओरडत नाही. लोकांना वाटतं वय झालं. मला आता शर्ट दिसतात. कुलपाचा एक नंबर, खांबाचा चार, वाऱ्याच्या पाठीवरचा तो सतरा. पळणाऱ्यांच्या पाठीला चिकटून पळणारे. ताई वीस-बावीस म्हणायची, मी परवा सव्वीस मोजले.

ताईने काम सोडलं नाही. तिने एक केलं. आता कोणी दाराशी येऊन विचारलं की ती आधी एप्रनचा खिसा बाहेर ओढून उलटा करून दाखवते, आणि मग म्हणते, "धुतला, वाळला, ठेवला." पोरांना वाटतं मावशीला म्हातारचळ लागला. साहेबांना वाटतं गंमत आहे. तिने शब्द मोडलेला नाही, कोणाला काही सांगितलेलं नाही.

गेल्या गुरुवारी दुपारी मी तिचा डबा द्यायला गेलो होतो. शर्ट तिच्या मांडीवर होता. वारा आला, बोटाने दार वाजवलं आणि म्हणाला, "मावशी, माझा धुतला का?"

ताईचा हात खिशात गेला आणि खिशातच राहिला.

वारा हसत वाट बघत होता. मग हसायचा थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, परत तिच्या खिशाकडे बघितलं. गळक्या मशीनमधून पाणी ठिबकत होतं.

ताईने पायाने बादली उलटी करून त्याच्याकडे सरकवली. "बस," ती म्हणाली. "उठताना डोकं सांभाळ. आधी घरी फोन कर."

तो बसला आणि त्याने फोन लावला. तिकडून कोणीतरी उचलेपर्यंत ताईने उसवायचं ब्लेड हातात घेतलं नाही.